एकटीच गेले होते, आई-बाबा

ती. आई आणि बाबा,
साष्टांग नमस्कार.

ऐरोलीहून तुमच्याकडे सावरकर नगरला यायला ट्रॅफिक नसेल तर अर्धा तास लागतो आणि तरी मी पत्र लिहायला बसलेय, म्हणजे आई तुला आधी वाटणार काहीतरी झालंय. काही झालेलं नाहीये. मी नीट आहे, गाडी नीट आहे. पण फोनवर बाबांना ऐकू येत नाही, कानातलं मशीन शिट्टी मारायला लागतं आणि ते फोन तुझ्या हातात देतात, आणि आपलं दोघींचं पाचव्या मिनिटाला वाजतं, समोर बसलो तर त्याच्याही आधी. म्हणून सगळं टाईप करून मोठ्या अक्षरात प्रिंट काढून आणतेय, बाबा चष्मा लावून सावकाश वाचतील, तू त्यांच्या खांद्यावरून वाच, आणि पूर्ण वाचून होईपर्यंत मी गॅलरीत जाऊन बसेन.

आधी तेच सांगते जे सांगायचं राहिलंय. संक्रांतीनंतरच्या शनिवारी मी राजस्थानला गेले ते ऑफिसच्या ग्रुपबरोबर गेले नव्हते. ग्रुप नव्हताच. मी एकटी गेले, आपली गाडी घेऊन, ऐरोलीपासून जैसलमेरपर्यंत आणि तिथून पुढे बॉर्डरच्या बाजूला, आणि तशीच परत आले, सगळे मिळून दोन हजार सहाशेच्या वर किलोमीटर झाले. आई तू फोटो बघून विचारलंस ना, की बाकीच्या मैत्रिणी कुठेत, सगळीकडे नुसता रस्ता आणि वाळूच का, तेव्हा मी विषय बदलला, आणि ते मला इतकं लागून राहिलं की त्या रात्री झोप आली नाही. एक्केचाळिसाव्या वर्षी आईशी खोटं बोलले. त्याबद्दल खरंच माफ करा. पण गेल्याबद्दल माफी मागत नाहीये हं, ते मला जायचंच होतं आणि विचारलं असतं तर तुम्ही नको म्हणाला असता आणि मग मी तुमचा शब्द मोडून गेले असते, ते खोटं बोलण्यापेक्षा बरं की वाईट हे मला अजून कळलेलं नाही.

जाताना घोडबंदर रोड पहाटे साडेचारला पार केला म्हणून बरं, नाहीतर तिथेच दीड तास गेला असता. पहिला मुक्काम अहमदाबाद, दुसऱ्या दिवशी मेहसाणा, डीसा, थराद, सांचोर करत बाडमेर. त्या दोन दिवसांबद्दल सांगण्यासारखं फार नाही, मोठा हायवे तो मोठा हायवे, ट्रक आणि टोलनाके. अंधार पडल्यावर गाडी चालवायची नाही हा नियम मी स्वतःला घालून घेतला होता आणि तो शेवटपर्यंत पाळला, बाबा तुम्हीच सांगायचात की रात्री रस्ता दिसतो पण खड्डा दिसत नाही.

खरी गंमत बाडमेर सोडल्यावर सुरू झाली. हळूहळू झाडं बुटकी होत जातात, मग नुसती झुडपं राहतात, मग मधूनच एखादं खेजडीचं झाड येतं एकटं उभं. खेजडी म्हणजे आई आपली शमी गं, दसऱ्याला आपण जिची पूजा करतो ती. तिथे तिच्या शेंगांची भाजी करतात, पाला शेळ्या-उंटांना घालतात, सावलीत गुरं बसतात. ही झाडं तोडू नयेत म्हणून १७३० साली जोधपूरजवळच्या खेजडली गावात अमृतादेवी धरून ३६३ बिश्नोई माणसांनी झाडांना मिठ्या मारून जीव दिला होता. त्या झाडाला मी गाडीतूनच हात जोडले. रुई पण जिकडेतिकडे, आपल्या मारुतीच्या माळेतली, फक्त तिथे तिला आक म्हणतात. इतक्या लांब जाऊन ओळखीची झाडं भेटली की फार बरं वाटतं.

जैसलमेर शहरात मी थांबले पण रमले नाही. सोनेरी दगडाचा किल्ला सुंदर आहे, ११५६ पासून आहे आणि आतमध्ये अजून माणसं राहतात, कपडे वाळत घालतात, ते बघायला मजा येते. पण गर्दी फार. मला रस्ते हवे होते. म्हणजे ते आतले, एकेरी डांबराची पट्टी, समोरून गाडी आली तर दोघांनीही एक चाक खाली उतरवायचं असे. कुलधरा बघायला गेले तेव्हा पहिल्यांदा तसा रस्ता मिळाला. कुलधरा म्हणजे पालीवाल ब्राह्मणांचं गाव, दोनशे वर्षांपूर्वी सगळेच्या सगळे सोडून गेले, आता नुसत्या भिंती उभ्या आहेत, आणि लोक तिथे भुताखेतांच्या गोष्टी ऐकायला जातात. मला भुतांपेक्षा त्यांची शेती जास्त आवडली बाबा. उताराच्या खाली मातीचा लांबच लांब बांध घालायचा, पावसाचं खडकावरून वाहून येणारं सगळं पाणी त्या बांधापाशी अडवायचं, जमिनीत मुरू द्यायचं आणि मग त्या ओलीवर गहू-हरभरा घ्यायचा. खडीन म्हणतात त्याला. तिथे वर्षभरात साधारण २०० मिलिमीटर पाऊस पडतो, आपल्या ठाण्यात जुलैच्या एखाद्या दिवशी तेवढा पडून जातो. एवढ्याशा पाण्यावर गहू. मला तुमचा ७२चा दुष्काळ आठवला, बार्शीकडून तुम्ही खडी फोडायला जायचात ती गोष्ट, आणि मी तिथे बांधावर बराच वेळ बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी तनोटला गेले. जैसलमेरहून साधारण १२० किलोमीटर, वाटेत रामगढला टाकी फुल केली, वीस लिटरचा पाण्याचा कॅन मागे होताच. आई तुझ्यासाठी सांगते, तनोट मातेचं देऊळ बीएसएफचे जवान सांभाळतात, पूजाअर्चा, आरती, प्रसाद सगळं तेच. १९६५च्या लढाईत देवळाच्या आजूबाजूला तीन हजार बॉम्ब पडले आणि आवारात पडलेल्यांपैकी एकही फुटला नाही असं तिथे सांगतात, त्यातले काही काचेच्या मागे मांडून ठेवलेत. आणि देवळात सगळीकडे रुमाल बांधलेले आहेत, हजारो, लोक नवस बोलून रुमाल बांधतात. माझ्या पर्समध्ये तुझा तो निळ्या काठाचा रुमाल होता, गणपतीत माझ्याकडे राहिलेला. तोच बांधला. तुझ्या गुडघ्यांसाठी. नवस पूर्ण झाला की परत येऊन रुमाल सोडवायचा असतो म्हणतात, तेव्हा ते आपल्याला बघावं लागेल.

तनोटवरून मी लोंगेवालाला गेले, चाळीसेक किलोमीटर, आणि तो रस्ता मी कसा सांगू. सरळ असतो पण सपाट नसतो. वाळूच्या टेकड्यांवरूनच टाकलाय, त्यामुळे वर चढतो, वर गेलं की समोर फक्त आकाश, मग एकदम खाली उतरतो आणि पोटात गोळा येतो, लहानपणी मासुंदा तलावाच्या जत्रेतल्या पाळण्यात यायचा तसा. परत वर, परत खाली. रेडिओ लागत नाही, मोबाईलला रेंज नाही, मी काच खाली करून चाळीसच्या स्पीडने चालले होते आणि अर्धा तास झाला तरी समोरून एक गाडी नाही. मधेच उंट, पुढचे दोन पाय दोरीने बांधलेले, कारण मोकळे सोडले तर कुठच्या कुठे जातात, गळ्यातली घंटा वाजवत रस्त्याच्या मधोमध उभे. मी गाडी बंद करून थांबायचे. ते पण बघायचे, मी पण बघायचे, मग ते जायचे. कोणाला हॉर्न मारायची गरज नाही, मागे कोणी खोळंबलेलं नाही.

तेव्हा बाबा सारखे तुम्ही आठवत होतात. ३१ वर्षं तुम्ही एसटी चालवलीत, खोपटच्या डेपोतून किती लाख किलोमीटर गेला असाल, पण जिथे छान वाटलं तिथे गाडी थांबवून पाच मिनिटं उभं राहायचं असं तुम्हाला एकदाही करता आलं नसेल. मागे पन्नास माणसं आणि हातात टाईमटेबल. घाटात धबधबा दिसला तरी पुढे. मी तिकडे हवं तिथे थांबत होते, एका टेकडीवर तर काही कारण नसताना वीस मिनिटं थांबले, वाऱ्याने वाळूवर जे बारीक बारीक कंगोरे पडतात ना ते बघत. त्यावरून एक काळा किडा चालला होता आणि त्याच्या पायांची रेघ मागे उमटत होती, शिवणाच्या टाक्यांसारखी, आणि वारा आला की मागची रेघ बुजायची आणि तो आपला पुढे नवीन टाके घालत. हे सगळं मी तुमच्या वाटचं पण बघत होते असं मला वाटत होतं.

लोंगेवालाचं तुम्हाला माहितीये, ४ डिसेंबर १९७१ची रात्र, मेजर कुलदीपसिंग चांदपुरी आणि त्यांचे सव्वाशेच्या आत-बाहेर जवान, समोर पाकिस्तानचे रणगाडे, आणि सकाळी उजाडल्यावर जैसलमेरहून आपली हंटर विमानं आली. ते रणगाडे अजून तिथे उभे आहेत, गंजलेले. जिथे आपण नुसता फोटो काढून निघतो तिथे त्यांनी आख्खी रात्र काढली, थंडीत.

आता जे सांगायचंय त्यावर आई तू ओरडणार. लोंगेवालाहून मी आसूतारच्या रस्त्याने परत फिरले, तो अजूनच एकटा रस्ता, आणि एका ठिकाणी फोटोसाठी गाडी जरा बाजूला घेतली. डांबराच्या कडेला टणक दिसत होतं, नव्हतं. पुढची दोन्ही चाकं वाळूत बसली. मी घाबरून एकदा ॲक्सिलरेटर दाबला आणि ती अजून खाली गेली. मग इंजिन बंद केलं. बाबा तुमचं वाक्य आहे ना, गाडी अडली की आधी खाली उतर, पाणी पी, मग डोकं लाव. उतरले. पाणी प्यायले. गाडीच्या सावलीत दहा मिनिटं बसले, घड्याळ लावून, कारण त्याच्या आधी हात थरथरत होते. पावणेबारा वाजले होते, खायला होतं, पाणी भरपूर होतं, म्हणजे खरं तर घाबरण्यासारखं काही नव्हतं, फक्त वेळ लागणार होता.

आई, तू लाडवांच्या डब्यावर जी स्टीलची ताटली झाकण म्हणून दिली होतीस तिनेच मी वाळू उपसली. चाकांच्या पुढची, मग गाडीच्या पोटाखालची, पालथं पडून. चारही टायरमधली हवा काढत ३२ वरून १८ वर आणली, हवा कमी केली की टायर पसरतो आणि वाळूत रुतत नाही, हे मी निघायच्या आधी शिकून घेतलं होतं. पायाखालची मॅट काढून चाकांपुढे घातली. एवढ्यात घंटांचा आवाज आला आणि टेकडीवरून शेळ्या-मेंढ्या उतरल्या, शंभरेक तरी, आणि त्यांच्या मागे पांढऱ्या फेट्यातले एक आजोबा. जवळ आले, गाडी बघितली, मला बघितलं आणि पहिला प्रश्न काय विचारला माहितीये? "पाणी है?"

ते ऐकून मला एकदम रडूच आलं. इकडे सोसायटीत, ऑफिसात, लग्नात, कुठेही जा, पहिला प्रश्न एकटीच आलीस का. त्या माणसाला मी एकटी आहे का दुकटी याच्याशी काही देणंघेणं नव्हतं, माझ्याकडे पाणी आहे का एवढंच त्याला बघायचं होतं. आहे म्हटल्यावर त्यांनी मान डोलावली, बाजूला जाऊन खींपच्या, म्हणजे तिथल्या हिरव्या काड्यांच्या झुडपाच्या, फांद्या तोडून आणल्या आणि माझ्या मॅटच्या पुढे अंथरल्या, आणि हाताने खूण केली, सावकाश. पहिल्या गिअरमध्ये, रेस न करता. गाडी एकदा हलली, थांबली, परत हलली आणि डांबरावर आली. पैसे घेईनात. तिळाचे चार लाडू दिले ते मात्र घेतले, एक तिथेच उभ्याने खाल्ला आणि उरलेले फेट्याच्या शेवात बांधले. मी टायरमध्ये छोट्या पंपाने परत हवा भरेपर्यंत ते तिथेच थांबले, न बोलता, शेळ्या पुढे गेल्या तरी. आई, तुझे लाडू पाकिस्तानच्या बॉर्डरजवळच्या एका माणसाने खाल्लेत आणि त्याला आवडलेत.

त्यानंतर दोन दिवस मी खुडीला राहिले, छोटं गाव आहे वाळूच्या टेकड्यांना लागून, मातीच्या गोल झोपड्या, वर गवताचं छप्पर. एका कुटुंबाकडेच उतरले. तिथल्या काकूंनी चुलीवर बाजरीची भाकरी केली, सोगरा म्हणतात, आपल्यापेक्षा जाड, आणि मधे खड्डा करून त्यात तूप. त्या बाईंनी मात्र विचारलं, घरचे सोबत नाहीत का. मी म्हटलं नाहीत, आईबाबा थकलेत आता. त्यावर त्या म्हणाल्या मग तू परत गेलीस की त्यांना सगळं सांग, काही ठेवू नको. म्हणून हे पत्र एवढं लांबलंय.

आणि आई, तुला जे खरं विचारायचं असतं आणि तू विचारत नाहीस, मी एकटी पडलेय का, त्याचं उत्तर पण याच पत्रात देऊन टाकते. कधी कधी वाटतं एकटं, रविवारी दुपारी वगैरे. तिकडे त्या रस्त्यावर आठ दिवसांत एकदाही वाटलं नाही. माझं कसं होणार ही काळजी तू उशाशी घेऊन झोपतेस हे मला माहितीये, आणि ती काळजी जाणार नाही हे पण माहितीये. पण त्या रुतलेल्या गाडीपाशी मी जे जे केलं ते सगळं तुमच्या दोघांकडूनच आलेलं होतं, पाण्याचा घोट बाबांचा आणि ताटली तुझी.

आता बाबांसाठी. हे मुद्दाम शेवटी ठेवलंय.

खुडीहून निघायच्या सकाळी मी सम गावावरून जायचं ठरवलं, सुदासरीच्या आतल्या रस्त्याने. तो सगळा डेझर्ट नॅशनल पार्कचा भाग आहे, ३,१६२ चौरस किलोमीटर, सेवण गवताचं माळरान आणि मधे मधे वाळूच्या टेकड्या. (बॉर्डरला चिकटून असलेल्या काही गावांकडे जायला बाहेरच्यांना परवानगी लागते, तिकडे मी गेले नाही, काळजी करू नका.) साडेसात वाजले होते, ऊन तिरपं, गवत पिवळंधमक. कुंपणाच्या पलीकडे काहीतरी हललं. मला आधी वाटलं माणूस आहे, कोणीतरी वाकून चाललंय. मग त्याने मान वर केली. लांब पांढरी मान, डोक्यावर काळी टोपी, पाठ तपकिरी, कमरेएवढी उंची. चालणं असं, की पाऊल टाकायच्या आधी विचार करतोय. आणि त्याच्या मागे अजून एक.

बाबा, माळढोक.

तुम्ही सांगायचात ना, लहानपणी ज्वारीच्या रानात राखणीला गेलं की लांबून दिसायचा, तुमचे आजोबा म्हणायचे हलू नको, तो बघतोय. मला ती गोष्ट वाटायची, तुम्ही रचून सांगता असं वाटायचं. आणि तुमच्या बार्शी-सोलापूर रस्त्यावरच्या नान्नजला त्याच्यासाठी १९७९ साली अभयारण्य केलं, तरी आता तिथे एखादा दिसला तरी पेपरात बातमी येते. साऱ्या जगात रानात मोकळे असे दीडशे पण राहिले नाहीत. मादी वर्षाला बहुतेक एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर. आणि डोळे बाजूला असल्यामुळे त्याला उडताना समोरचं नीट दिसत नाही, वजनामुळे पटकन वळता येत नाही, मग विजेच्या तारांना आपटून मरतो. तिथे जिकडे बघावं तिकडे पवनचक्क्या आणि सोलर आणि त्यांच्या तारा. २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाने तारा जमिनीखालून न्या म्हणून सांगितलं होतं, २०२४ मध्ये तो हुकूम बराच सैल केला. सममध्ये आता त्यांची पिल्लं वाढवायचं केंद्र आहे, त्यातून काही होईल अशी आशा आहे. मला त्या तारांकडे बघून फार राग येत होता आणि माझ्याच घरात एसी आहे हे पण आठवत होतं.

मी हलले नाही. तुमच्या आजोबांनी सांगितलं होतं तसं. इंजिन बंद, काच अर्धी खाली, श्वास पण हळू. जवळजवळ पंधरा मिनिटं ते दोघं चरत होते, मग गवताच्या उंचवट्यामागे गेले. मी लगेच फोन उचलला तुम्हाला लावायला, रेंज नव्हती. आणि असती तरी तुम्हाला ऐकू कुठे आलं असतं, मी ओरडले असते तर पक्षी उडाला असता.

मी रविवारी दहापर्यंत येते. केर-सांगरी आणलीय, तिकडची वाळवलेली भाजी, आई ती आदल्या रात्री भिजत घालावी लागते, म्हणून पाकीट शनिवारीच वॉचमनकडे पाठवते. गुडघ्याच्या डॉक्टरांचं पण बोलू. आणि बाबा, मोबाईलच्या फोटोत तो पक्षी ज्वारीच्या दाण्याएवढा दिसतोय, मी तो राम मारुती रोडवर मोठा करायला दिलाय. बघून सांगा, तुम्ही बघितलेला तोच ना.

तुमची,
बबडी